उसाच्या जिल्ह्यातलं अल्कोहोल: ओएच कुठल्या कार्बनवर बसलाय ते बघा

काचनळी

मंडळी, नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, लॅबमध्ये काम करतो. अकरावी-बारावीची मुलं अधूनमधून प्लांट बघायला येतात. द्वितीयक अल्कोहोल म्हणजे काय विचारलं की व्याख्या घडाघडा येते. मग त्याचं ऑक्सिडेशन केल्यावर किटोनच का मिळतं, आम्ल का नाही, असं विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. पाठांतरात ही मुलं कुठंच कमी नाहीत. त्यांना बघायचं कुठं, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी हा धागा.

अल्कोहोल म्हणजे कार्बनला थेट जोडलेला ओएच, म्हणजे हायड्रॉक्सिल गट. अट एकच: तो कार्बन संपृक्त हवा, त्याचे चारही बंध एकेरी हवेत. वर्गीकरण दोन अंगांनी करतात. एक नुसतं मोजणीचं. रेणूत ओएच एक असेल तर मोनोहायड्रिक, जसं इथेनॉल. दोन असतील तर डायहायड्रिक, जसं गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल. तीन असतील तर ट्रायहायड्रिक, म्हणजे ग्लिसरीन. सॉर्बिटॉलमध्ये तर सहा असतात. ओएच वाढले की रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जास्त घट्ट धरून ठेवतात. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, इथिलीन ग्लायकॉल १९७ ला आणि ग्लिसरीन २९० ला. यात कुणी अडकत नाही.

अडकतात ते दुसऱ्या वर्गीकरणात. ओएच ज्या कार्बनवर आहे, त्या कार्बनला आणखी किती कार्बन जोडलेत? एक असेल तर प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. मुलं शेजारचे कार्बन मोजतात आणि थांबतात. माझं म्हणणं आहे, त्याच वेळी त्या कार्बनवर हायड्रोजन किती उरले तेही मोजा. प्राथमिकवर दोन, द्वितीयकवर एक, तृतीयकवर शून्य. आता ऑक्सिडेशन घ्या. त्यात ओएचमधला एक हायड्रोजन आणि त्याच कार्बनवरचा एक हायड्रोजन निघून जातो, आणि कार्बन-ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. प्राथमिकवर दोन हायड्रोजन, त्यातला एक गेला की अल्डिहाइड. अजून एक शिल्लक आहे, म्हणून पुढं जाऊन आम्ल. द्वितीयकवर एकच होता, तो गेला, किटोन झालं, गाडी थांबली. तृतीयकवर काढायला काहीच नाही, म्हणून ऑक्सिडेशन करणारं नारिंगी डायक्रोमेट नारिंगीच राहतं. पहिल्या दोघांत ते हिरवं होतं. पाठ करण्यासारखं यात काय आहे सांगा.

अल्कोहोल कुठल्या जातीचं ते ओळखायच्या लुकास चाचणीतही तोच कार्बन. परीक्षानळीत लुकास द्रव घ्या, म्हणजे संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं निर्जल झिंक क्लोराइड. त्यात तृतीयक ब्युटाइल अल्कोहोल घालून हलवलं की नळी तिथल्या तिथं गढूळ होते, दुधाचं बोट लावल्यासारखी, आणि तेलकट थर वेगळा व्हायला लागतो. द्वितीयकाला पाचेक मिनिटं लागतात. प्राथमिक मात्र खोलीच्या तापमानाला स्वच्छच राहतं. ओएच पाण्याचा रेणू होऊन निघून जातो आणि मागं धनप्रभारित कार्बन राहतो. त्याला तीन बाजूंनी कार्बन शेजारी असतील तर ते आपले इलेक्ट्रॉन त्याच्याकडं सरकवून तो प्रभार सहन करायला मदत करतात. एकच शेजारी असेल तर तेवढी मदत होत नाही. गढूळपणा कसला, तर तयार झालेलं क्लोराइड त्या द्रवात विरघळत नाही त्याचा.

शंका बिनधास्त विचारा. ज्यांच्या कामात अल्कोहोल येतं त्यांनीही लिहा.

बारावी_ब

सर, खूप छान. हायड्रोजन मोजायचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका आहेत. मिथेनॉलमध्ये ओएचवाल्या कार्बनला दुसरा कार्बनच नाही, मग ते कशात बसवायचं? आणि फिनॉलला ओएच असूनही ते अल्कोहोल का नाही?

काचनळी

मिथेनॉलच्या कार्बनवर तीन हायड्रोजन आहेत. काटेकोर व्याख्येत ते तिन्हींत बसत नाही, पण वागतं प्राथमिकासारखं, म्हणून पुस्तकं त्याला प्राथमिकांच्या रांगेत बसवतात. तू तसंच लिही. फक्त ते एक पायरी जास्त जातं हे लक्षात ठेव: फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड.

फिनॉलचा ओएच सरळ बेंझीनच्या कड्यातल्या कार्बनवर बसलेला असतो. तो कार्बन संपृक्त नाही. ओएचमधल्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन कड्यात ओढले जातात, त्यामुळं हायड्रोजन सुटायला सोपा. म्हणून फिनॉल सोडियम हायड्रॉक्साइडशी क्षार बनवतं, इथेनॉल तसं बनवत नाही. आम्लतेच्या मोजपट्टीवर फिनॉलचा पीकेए (हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) १० च्या आसपास आणि इथेनॉलचा १६ च्या आसपास, म्हणजे सुमारे दहा लाख पटींचा फरक. फेरिक क्लोराइड टाकलं की फिनॉल जांभळं होतं, अल्कोहोल होत नाही.

आणि फिनॉल म्हटलं की फक्त जंतुनाशकाची बाटली डोळ्यासमोर आणू नकोस. ओव्याचा वास थायमॉलचा, ते फिनॉल आहे. काजूच्या टरफलातलं तेल कार्डानॉल आणि अॅनाकार्डिक आम्लाचं, तीही फिनॉलच्याच घराण्यातली.

चंदगडी

काजूचं अगदी खरं आहे. आमच्याकडं काजू फोडायच्या कामाला बसणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. तरी बोटांची सालं निघतात. हे फिनॉल आहे हे आज कळलं. त्याचा उपयोग काय होतो?

रसायनवाचक

टरफलाच्या तेलापासून रेझिन बनतं, आणि ते ब्रेक लायनिंगमध्ये, रंगांत आणि वॉर्निशात जातं. कच्च्या टरफलात अॅनाकार्डिक आम्ल जास्त असतं. टरफल भाजलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. दोन्ही कातडीला त्रास देतात. कामावरच्या बायकांना चांगले हातमोजे मिळणं ही खरी गरज आहे, राखेनं भागत नाही.

उद्यमनगरी

आम्ही फौंड्रीवाले. आमच्याकडं अल्कोहोल रोज पेटतं, म्हणून लिहायला पाहिजे असं वाटलं.

वाळूचा मोल्ड तयार झाला की त्यावर कोटिंग मारतात. ग्रॅफाइट किंवा झिरकॉनची बारीक पूड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये, आमच्या भाषेत आयपीएमध्ये, कालवलेली असते. ब्रशनं मारायची नाहीतर वरनं ओतायची, आणि लगेच टॉर्चनं पेटवायची. सगळ्या मोल्डवरून ज्योत पळत जाते, अल्कोहोल जळून जातं, कोटिंगचा कोरडा थर वाळूला चिकटून बसतो. वितळलेलं लोखंड मग वाळूत शिरत नाही आणि कास्टिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. पाण्याचं कोटिंगही असतं, पण ते वाळवायला ओव्हन लागतो.

आयपीएत पाणी मिसळलेलं आलं तर कळतं कसं? ज्योत मध्येच मरते. वरवर कोरडं दिसतं पण खालचा थर ओला राहतो. मेटल ओतलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत पोकळी. मशीनिंगला गेल्यावर ते उघडं पडतं आणि माल परत येतो. म्हणून चांगली फौंड्री ड्रम आला की आधी हायड्रोमीटर टाकते.

दुसरी गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. स्वस्त पडतं म्हणून काही ठिकाणी थिनरमध्ये मिथेनॉल असतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पोराला वाटतं विझलं, आणि तो हात घालतो. वाफही विषारी, कातडीतूनही शिरतं. ड्रमवरचं लेबल वाचल्याशिवाय माल शॉपवर घेऊ नका.

आमचा एक प्रश्न. फ्युरान नो-बेकचं, म्हणजे न भाजता वाळू घट्ट करणारं, रेझिन असतं, त्याच्या डेटाशीटवर फरफ्युराइल अल्कोहोल लिहिलेलं असतं. ते कुठल्या जातीचं?

रसायनवाचक

प्राथमिक. पण ते कसं ओळखायचं ते बघण्यासारखं आहे, कारण वर बारावीच्या मुलानं विचारलेल्या फिनॉलच्या प्रश्नाशी त्याचं नातं आहे. फरफ्युराइल अल्कोहोलमध्ये चार कार्बन आणि एक ऑक्सिजनचं पाच कोपऱ्यांचं कडं आहे. ओएच त्या कड्यावर थेट नाही. कड्याला एक सुटा कार्बन जोडलेला आहे, त्यावर दोन हायड्रोजन, आणि त्यावर ओएच. म्हणजे ओएचचा कार्बन संपृक्त, त्याला कार्बन शेजारी एकच, म्हणून प्राथमिक अल्कोहोल. बेंझाइल अल्कोहोलचंही तसंच. कडं शेजारी असणं वेगळं आणि ओएच कड्यातच बसणं वेगळं. तुमच्याच फौंड्रीत दोन्ही आहेत: फ्युरानमध्ये अल्कोहोल, आणि शेल कोअरच्या वाळूवर फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं रेझिन.

सल्फॉनिक आम्ल घातलं की फरफ्युराइल अल्कोहोलचे रेणू एकमेकांना जोडत जातात, मध्ये पाणी सुटतं, उष्णता सुटते आणि वाळू दगडासारखी होते. म्हणूनच रेझिन आणि आम्ल कधीही थेट एकमेकांत ओतायचं नाही. आधी आम्ल वाळूत, मग रेझिन. थेट मिसळलं तर क्रिया स्फोटासारखी होते.

आता कोल्हापूरकरांसाठी खास. हे फरफ्युराइल अल्कोहोल येतं फरफ्युरलपासून, आणि फरफ्युरल मिळतं शेतमालाच्या टाकाऊ भागातल्या पेंटोझन शर्करांपासून: मक्याची दाणे काढलेली कणसं, ओटची फोलपटं, आणि उसाचा चोथा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. अमेरिकेत १९२० च्या दशकात क्वेकर ओट्सनं ओटच्या फोलपटांपासून ते कारखानी प्रमाणावर काढायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या मोल्डला धरून ठेवणारं अल्कोहोल बगॅसमधून येऊ शकतं, आणि काचनळींच्या टाकीतलं मळीतून. एकाच उसाची दोन टोकं.

गुऱ्हाळघर

लई भारी चाललंय. आमचं गुऱ्हाळ आहे. रस काढून ठेवला आणि काहिलीत चढवायला उशीर झाला की आंबतो, वास बदलतो, गूळ नीट बांधत नाही. ही तीच क्रिया का? आणि डिस्टिलरीत मळी आंबवून ९५ टक्क्यांवर अल्कोहोल थांबतं असं म्हणतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मग ते निर्जल कसं करतात? अजून एक: ऊस तोडताना कांड्यावर पेराच्या खाली पांढरी भुकटी हाताला लागते. ती कसली?

काचनळी

दादा, तुमचे तिन्ही प्रश्न एकत्र घेतो, जरा लांबेल.

शिळ्या रसात दोन गोष्टी सुरू होतात. हवेतलं यीस्ट साखरेचं अल्कोहोल करायला लागतं, आणि ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ बनवतात. यीस्टचा एन्झाइम साखरेचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतो. त्यामुळंही गुळाचा दाणा बिघडतो. आम्ही डिस्टिलरीत तीच यीस्टची क्रिया मुद्दाम, मापात करतो. हिशेब असा: १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे निम्मं वजन वायू होऊन उडतं. फर्मेंटरवर वाकून बघितलं तर वरचा फेस सतत श्वास घेतल्यासारखा हलत असतो, आणि झाकणाजवळ नाक नेलं तर वायूनं झिणझिण्या येतात. नवीन माणसाला आम्ही तिथं एकटं सोडत नाही, कारण तो वायू जड असतो, खाली साचतो, आणि रिकाम्या टाकीत उतरलेला माणूस त्यात गुदमरतो.

मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या द्रवात, अल्कोहोल साधारण ८ ते १० टक्क्यांपर्यंत येतं. फार वाढलं की यीस्ट स्वतःच मरतं. मग डिस्टिलेशन. इथं ९५ ची भिंत लागते. इथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण वजनानं ९५.६ टक्के इथेनॉलला पोचलं की ७८.२ अंशांना उकळतं, आणि वाफेतही तेच प्रमाण, द्रवातही तेच. वेगळं करायला फरकच उरत नाही. कॉलम कितीही उंच बांधा, पुढं सरकत नाही. पूर्वी यात बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन घालून पाणी ओढून काढत. आता मॉलिक्युलर सिव्ह वापरतात. झिओलाइटचे दाणे, त्यांना तीन अँग्स्ट्रॉमची छिद्रं. पाण्याचा रेणू त्यात जातो, इथेनॉलचा मावत नाही. वाफ त्या दाण्यांतून सोडली की पाणी आत अडकतं आणि ९९.५ टक्क्यांहून जास्त शुद्ध इथेनॉल बाहेर येतं. एक बेड भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिल्यातलं पाणी ओढून काढायचं.

डिस्टिलेशनमध्ये मधल्या एका ताटातून आम्ही फ्युजेल ऑइल बाजूला काढतो. त्यात आयसोअमाइल अल्कोहोल सगळ्यांत जास्त, शिवाय आयसोब्युटाइल, प्रोपाइल वगैरे. ही अल्कोहोलं यीस्ट साखरेऐवजी अमिनो आम्लांच्या वाटेनं बनवतं. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही, डोक्यात भिनणारा आणि घशाशी खवखवणारा. ते पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून पाण्यानं धुवून वेगळं करता येतं. इथं कार्बनच्या साखळीची लांबी कामाला येते. मिथेनॉल, इथेनॉल, दोन्ही प्रोपेनॉल पाण्यात कितीही मिसळतात. एन-ब्युटाइल अल्कोहोल १०० मिलिलिटर पाण्यात ८ ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, आणि पुढं प्रमाण झपाट्यानं घसरतं. ओएचला पाणी आवडतं, कार्बनच्या शेपटाला नाही, आणि शेपूट लांबत गेलं की तेच जिंकतं.

आता तुमची पांढरी भुकटी. ती मेण आहे, आणि या धाग्यातलं सगळ्यांत लांब शेपटाचं अल्कोहोल त्यात आहे: ऑक्टाकोसॅनॉल, २८ कार्बनची सरळ साखळी आणि टोकाला एक ओएच. प्राथमिक, मोनोहायड्रिक. इथेनॉलचंही वर्गीकरण अक्षरशः तेच. एक बाटलीत पाण्यासारखं आणि दुसरं कांड्यावर मेण, ८० अंशांच्या वर वितळणारं, पाण्याला अंगाला लागू न देणारं. रस शुद्ध करताना हे मेण गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये जातं.

आणि मूळ साखर? तिच्या रेणूत आठ ओएच आहेत, तीन प्राथमिक आणि पाच द्वितीयक. म्हणून ती पाण्यात एवढी विरघळते. तिला आपण अल्कोहोल म्हणत नाही, कारण तिच्यात दुसरेही बंध आहेत आणि तिचं घराणं कर्बोदकांचं. पण ग्लुकोजचं क्षपण केलं, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडला, की सॉर्बिटॉल मिळतं आणि ते सरळ अल्कोहोलांत मोडतं. शुगर-फ्री बिस्किटांच्या पुड्यावर वाचून बघा.

घाटवाट

पेट्रोलवरून विचारतो. पावसाळ्यात गगनबावड्याकडं गाडी घेऊन जातो. हल्ली टाकीत पाणी गेलं की गाडी लगेच बंद पडते असं मेकॅनिक सांगतो. इथेनॉलमुळं?

रसायनवाचक

थोडं सविस्तर बघू. आपल्याकडं पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठलं आणि २०२५ मध्ये २० टक्के. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही, गेलेलं पाणी तळाशी थेंब होऊन बसतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, त्यानं बिघडत नाही. पण ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि तळाशी पाणी-इथेनॉलचा मोठा थर होतो. पंप नेमका तळातूनच ओढतो, म्हणून इंजिन थांबतं. तेव्हा टाकीचं झाकण आणि त्याचं रबर नीट ठेवा, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. लिटरमागं इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते, त्यामुळं मायलेज थोडं कमी होणं स्वाभाविक आहे.

सिस्टरताई

मी आयसीयूत काम करते. मिथेनॉलचा विषय निघालाच आहे तर हे वाचाच.

मिथेनॉल पोटात गेलं की सुरुवातीला साधी नशा चढल्यासारखंच दिसतं. खरा घात नंतर होतो, बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी. यकृतातला एन्झाइम त्याचं फॉर्माल्डिहाइड करतो आणि पुढं फॉर्मिक आम्ल. काचनळी सरांनी नळीतलं ऑक्सिडेशन सांगितलं, तेच शरीरात होतं. ते आम्ल डोळ्याच्या नसेवर जातं. पेशंट सांगतो, धुकं दिसतंय, सगळं पांढरं दिसतंय. तेव्हा उशीर झालेला असतो. उपचारात तो एन्झाइम रोखणारं फोमेपिझोल नावाचं औषध देतात, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉलच देतात, कारण एन्झाइम आधी इथेनॉलच्या मागं लागतो आणि मिथेनॉल तसंच राहतं. मग डायलिसिसनं ते बाहेर काढता येतं. घरी कुणी असले प्रयोग करू नयेत. शंका आली की बरं वाटत असलं तरी दवाखान्यात आणा, वाट बघू नका. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनंच.

ओएच मोजण्याच्या वर्गीकरणातही जिवाचा प्रश्न आहे. ग्लिसरीन निरुपद्रवी, औषधाच्या सिरपमध्ये घालतात. दिसायला तसंच घट्ट, गोड असणारं डायइथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंड निकामी करतं. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या या भेसळीनं १४ पेशंट दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. लॅबलाच कळतो.

बारावी_ब

ताई, आयडोफॉर्म चाचणीनं मिथेनॉल ओळखता येत नाही का? इथेनॉल पिवळा साका देतं, मिथेनॉल देत नाही.

काचनळी

सिस्टरताईंच्या आधी मी उत्तर देतो, कारण हा गैरसमज धोक्याचा आहे. बाटलीत निव्वळ मिथेनॉल असेल तर तुझं बरोबर. पण भेसळीत इथेनॉल असतंच, त्यामुळं पिवळा साका येणारच आणि मिथेनॉल त्याच्याआड लपून राहणार. वासानंही कळत नाही, पेटवूनही खात्री होत नाही. लॅबमध्ये मिथेनॉलचं आधी फॉर्माल्डिहाइड करून क्रोमोट्रोपिक आम्लानं जांभळा रंग बघतात, किंवा सरळ गॅस क्रोमॅटोग्राफला लावतात. चाचणी काय सांगते यापेक्षा काय सांगू शकत नाही ते आधी शिकायचं असतं.

पंचगंगाकाठ

रसायनशास्त्र छान आहे, पण नदीकाठच्यांचंही लिहा. आमच्याकडं पाणी काळं पडून मासे तरंगलेले आम्ही बघितलेत. मळीमिश्रित पाणी कुठून येतं?

काचनळी

तुमचा राग रास्त आहे. एक लिटर अल्कोहोलमागं जुन्या पद्धतीनं दहा-पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेलं सांडपाणी, निघतो. काळपट तपकिरी, गरम, आम्लधर्मी. रंग मेलॅनॉइडिन नावाच्या तपकिरी पदार्थांचा, तो सहजी जात नाही. त्यात सेंद्रिय पदार्थ इतका असतो की नदीत गेला तर जिवाणू तो खाताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात, आणि मासे गुदमरतात. त्याला उपाय आहेत: आधी त्यातून बायोगॅस काढायचा, मग आटवायचा आणि बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जाळायचा. राखेत पोटॅश मिळतं, ते शेतात जातं. डिस्टिलरीतून बाहेर एक थेंबही सोडायचा नाही, असा नियम आहे. तो पाळणं म्हणजे बॉयलर आणि बाष्पीभवन यंत्रं रात्रंदिवस चालू ठेवणं, आणि ती बंद पडली की डिस्टिलरीही बंद करणं. मी या धंद्यात आहे म्हणूनच म्हणतो, ज्याला हे जमत नाही त्यानं अल्कोहोल काढू नये.

मसालेघर

स्वयंपाकघरातलं एखादं उदाहरण द्या ना. मुलगी अकरावीला आहे, तिला पटकन लक्षात राहील.

रसायनवाचक

द्यायलाच हवं, तिन्ही जाती डब्यात आहेत. तुमच्या कांदा-लसूण मसाल्यातले धणे घ्या: त्यांच्या सुगंधी तेलात सगळ्यांत जास्त लिनालूल असतं, ते तृतीयक अल्कोहोल. पुदिन्याचं मेंथॉल द्वितीयक. गुलाबाच्या आणि रोशा गवताच्या तेलातलं जिरॅनिऑल प्राथमिक. मेंथॉलचं ऑक्सिडेशन केलं की मेंथोन नावाचं किटोन होतं, आणि तेही पुदिन्यातच सापडतं. जिरॅनिऑलचं केलं की सिट्रल, म्हणजे गवती चहाचा वास. ते अल्डिहाइड. लिनालूलमधून असं सरळ काही निघत नाही, कारण ओएचच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. मुलीला धणे चोळून हुंगायला सांगा आणि तो कार्बन काढायला सांगा.

काचनळी

याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. आता एक कोडं, खास बारावीवाल्यांसाठी. टेबलावर चार बाटल्या, लेबलं गळून पडलेली. चारही ब्युटेनॉल, रेणुसूत्र एकच. एन-ब्युटाइल, आयसोब्युटाइल, द्वितीयक ब्युटाइल आणि तृतीयक ब्युटाइल. कुठली कुठली ते कसं ओळखाल? सगळं साहित्य लॅबमध्ये आहे. आणि सकाळची वेळ आहे, डिसेंबरातली.

बारावी_ब

प्रयत्न करतो. लुकास द्रव घातला की लगेच गढूळ होईल ती तृतीयक. पाचेक मिनिटांनी होईल ती द्वितीयक. तिची खात्री आयडोफॉर्मनं करीन, कारण तिच्या ओएचवाल्या कार्बनला एक मिथाइल गट जोडलेला आहे, पिवळा साका येईल. उरलेल्या दोन्ही प्राथमिक. दोन्ही डायक्रोमेट हिरवं करतील, लुकासमध्ये दोन्ही तशाच राहतील. इथं अडकलो. त्यांचं वेगळेपण ओएचच्या कार्बनवर नाहीच, त्याच्या पुढच्या कार्बनवर आहे. म्हणून चाचण्यांनी नाही, उकळबिंदूनं ओळखीन. फांदी फुटलेल्या साखळीचा उकळबिंदू कमी, म्हणजे आयसोब्युटाइल आधी उकळेल. डिसेंबरचं मात्र कळलं नाही.

काचनळी

शाब्बास. अडकलास तिथं का अडकलास हे तुला सांगता आलं, मला तेवढंच हवं होतं. आकडे लिहून घे: एन-ब्युटाइल ११८ अंश, आयसोब्युटाइल १०८, द्वितीयक सुमारे १००, तृतीयक ८२. ओएच जितका आत, फांद्यांमध्ये दडलेला, तितकी रेणूंची एकमेकांवरची पकड सैल.

डिसेंबरचं असं: तृतीयक ब्युटाइल अल्कोहोल २५ अंशांच्या आसपास गोठतं. रेणू जवळजवळ चेंडूसारखा गोल, म्हणून स्फटिकात छान रचला जातो. आपल्याकडं थंडीत सकाळी लॅब उघडली की ती बाटली आडवी केली तरी आतलं हलत नाही, काचेला पांढरे स्फटिक चिकटलेले असतात. बाकीच्या तिन्ही पाण्यासारख्या वाहतात. तेव्हा पहिली बाटली ओळखायला तुला लुकास द्रवही लागणार नाही. फक्त ती वितळवायला ज्योतीवर धरू नकोस, कोमट पाण्यात ठेव.